सरकारी दवाखान्यातल्या हिपॅटायटिस सी च्या फुकट गोळ्या: आमच्या घरचा रिव्ह्यू (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, काल आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सहामाही सोनोग्राफी उरकली आणि रिपोर्ट बरा आला म्हणून आज बसलो एकदाचा. मिसळीचे, कुलरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, पण राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ज्या गोळ्या फुकट मिळतात त्यावर मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी तेव्हा सापडल्या नव्हत्या, आणि त्या वेळेवर सापडल्या असत्या तर आबांच्या ॲडमिशनांतल्या निदान निम्म्या टळल्या असत्या असं मला अजून वाटतं. दवाखान्यांची नावं टाकणार नाही, विचारू पण नका, कारण एका-दोघांना शिव्या द्यायच्यात.

ज्यांना पुढं वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी आधीच रेटिंग. गोळ्यांना पाचपैकी पाच. काऊंटर आणि सिस्टर, चार. रिपोर्ट यायला जो वेळ लागतो त्याला अडीच. आणि आबांच्या वयाच्या माणसांना वेळेत शोधून काढण्याच्या कामाला एक, ह्यात आम्ही घरचे पण आलो, आमचे फॅमिली डॉक्टर पण आले, सगळेच आले.

पेशंट दोन, घर एकच. आबा, जन्म 1950. माझी थोरली बहीण, ताई, जन्म 1973. दोघांनाही लिव्हर खराब करणारा तोच हिपॅटायटिस सी चा विषाणू, गोळ्या पण जवळपास त्याच, दोघंही आज निगेटिव्ह. फरक एवढाच की आबा गोळ्या सुरू व्हायच्या आधी दीड वर्षात सहा वेळा ॲडमिट झाले आणि बरे झाल्यावर पण दोन वेळा, आणि ताई एकदाही नाही. एकदाही म्हणजे एकदाही, तिला साधं सलाईन लागलं नाही, केसपेपर काढला, रक्त दिलं, गोळ्या घेतल्या, शाळेत शिकवत होती ती शिकवतच राहिली, स्टाफरूममध्ये कुणाला कळलं पण नाही.

असं का ते समजायला मला वर्ष लागलं.

1984 साली आबांचा अल्सर फुटला होता, रातोरात ऑपरेशन, दोन बाटल्या रक्त. तेव्हा रक्तपेढीच्या बाहेर पैसे घेऊन रक्त देणारे उभे असायचे, आजोबांनी त्यातल्याच एकाला आणलं होतं असं आई सांगते. आता कुणी म्हणेल रक्त तपासलं नाही का, तर अहो हा सी विषाणू सापडलाच 1989 साली, त्याआधी डॉक्टर लोक त्याला नुसतं ए पण नाही बी पण नाही असली कावीळ म्हणायचे, मग तपासणार काय डोंबल. पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं 1998 च्या जानेवारीपासून, ते पण सुप्रीम कोर्टाने निकाल दिला म्हणून. आणि रक्ताच्या प्रत्येक बाटलीची सी साठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली 2001 मध्ये. शिवाय गावातले ते डॉक्टर, देव माणूस होते त्यात वाद नाही, पण त्यांची ती स्टीलची पेटी, उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच दोन-तीन सुया. ताप आला, सुई. अंग दुखतंय, सुई. सुई न लावता गोळ्या देणारा डॉक्टर म्हणजे त्याला काही येत नाही असंच अख्ख्या गावाचं मत होतं, त्यामुळं दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. 2000 नंतरच्या पाहणीत सुद्धा देशात वर्षाला साधारण 3 अब्ज इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली 60 टक्क्यांहून जास्त असुरक्षित असं निघालं होतं, मग ऐंशीच्या दशकात काय असेल विचार करा.

ताईचं वेगळं. तिच्या पहिल्या बाळंतपणात, 1998 ला, रक्तस्राव थांबेना म्हणून एक बाटली रक्त चढवलं. 2001 च्या सक्तीच्या तीन वर्षं आधी. कमनशीब दुसरं काय.

म्हणजे आबांच्या लिव्हरमध्ये हा पाहुणा अडतीस वर्षं बसून होता आणि ताईच्या चोवीस वर्षं, आणि हा पाहुणा आवाज करत नाही हीच गोची आहे. कावीळ म्हणली की आपल्याला पिवळे डोळे आठवतात, सी मध्ये बहुतेकांना तसं काहीच होत नाही. शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांच्या अंगातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो, बाकीच्यांच्यात तो मुक्काम करतो, आणि मग वीसेक वर्षांत त्यातल्या शंभरी पंधरा ते तीस जणांचं लिव्हर आकसून गोटा होतं, त्याला सिरोसिस म्हणतात. म्हणून वॉर्डात खाटेवर दिसणारा माणूस साठी-सत्तरीचा असतो आणि त्याचं दुखणं त्याच्या तिशीतलं असतं. हे मला एका रेसिडेंट डॉक्टरने रात्री दोन वाजता व्हरांड्यात सांगितलं, पोराचे डोळे झोपेनं लाल झाले होते पण कागदावर चित्र काढून सांगितलं, त्याला माझ्याकडून वेगळे पाच स्टार.

आता शिव्यांचा भाग. 2016 मध्ये आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं एका खाजगी ठिकाणी. नंबर सकाळी पहिला होता, ऐनवेळी म्हणले यांना शेवटी घेऊ. आम्हाला वाटलं शुगर जास्त आली असेल. बिलात स्पेशल किट म्हणून जादा पैसे लावले, आम्ही भरले. सहा वर्षांनी, आबा पहिल्यांदा रक्ताची उलटी होऊन ॲडमिट झाल्यावर, मी जुनी फाईल उपसली तर त्यात मोतीबिंदूच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यावर एचसीव्ही, म्हणजे हाच सी विषाणू, त्याच्यापुढं रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, लिहून खाली लाल पेनाने रेघ मारली होती. म्हणजे ऑपरेशन थिएटरला माहीत, बिल करणाऱ्या मुलीला माहीत, किट विकणाऱ्याला माहीत, आणि ज्याच्या अंगात आहे त्यालाच माहीत नाही! स्वतःचे हात वाचवायला टेस्ट केली आणि पेशंटला एक वाक्य बोलले नाहीत. 2016 ला ह्याच गोळ्या आपल्या देशात मेडिकलमध्ये मिळत होत्या हो. तेव्हा बारा आठवडे खाल्ल्या असत्या तर कदाचित ही वेळ आली नसती. चूक आमची पण आहे, रिपोर्ट फाईलला लावला आणि फाईल कपाटाच्या वर टाकली, वाचला कुणीच नाही.

त्याच्याही आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी आल्या म्हणून सांगितलं होतं, लिव्हर बिघडल्याची ती पण एक खूण असते, आणि लिव्हरला थोडी सूज आहे, तळलेलं कमी करा. संपला विषय.

मग 2022 चे गणपती. पाचव्या दिवशी रात्री आबांना उलटी, बेसिन लाल. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या होत्या, दुर्बिणीतून रबराच्या रिंगा टाकून बांधल्या, त्याला बँडिंग म्हणतात. ती पहिली ॲडमिशन. दुसरी, पोटात पाणी, आपण जलोदर म्हणतो तेच, सुई टाकून पाच-सहा लिटर काढायचं आणि वर अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाच्या, बाटल्या चढवायच्या, एक बाटली चार-पाच हजारांच्या घरात. तिसरी पण पाणी. चौथी सगळ्यात वाईट, आबा आईला ओळखेनात, रात्री उठून अंधारात बैलाला पेंड घालायला निघाले, आमच्याकडे बैल 1995 नंतर नाहीत. लिव्हर घाण साफ करत नाही म्हणून ती मेंदूला चढते म्हणे, ते गोडसर सिरप देऊन पोट साफ केलं की माणूस भानावर येतो, तिसऱ्या दिवशी आले. पाचवी परत बँडिंग, सहावी पाण्यात इन्फेक्शन. प्रत्येक वेळी ठरलेलं, डिपॉझिट, अल्ब्युमिन, डिस्चार्ज, महिना-दोन महिने, परत डिपॉझिट. बिलांची बेरीज मी एकदाच केली आणि मग कॅल्क्युलेटर बंद केला.

आणि ह्या सगळ्यात प्रत्येक नवा माणूस येऊन आबांना पहिला प्रश्न काय विचारणार, तर आजोबा किती वर्षं पिताय. गळ्यात तुळशीची माळ दिसत असताना! चाळीस वाऱ्या केलेला माणूस, कधी सोडा पण प्यायला नाही. भावकीत पण कुजबुज झालीच, लिव्हर खराब म्हणजे चोरून पीत असणार. आबा बोलले नाहीत काही पण सहाव्या ॲडमिशनला त्यांनी माळ शर्टाच्या आत घातली, ते मला दिसलं.

पाहुणे मंडळी तर विचारूच नका. एकाने काविळीची माळ डोक्यावर घालायला आणली, एकीने उसाचा रस, लाह्या, हळद बंद, तेल बंद, डाळ बंद. महिनाभर आम्ही ते पथ्य पाळलं आणि आबांच्या दंडाची नुसती काडी झाली. सरकारी दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी मग झापलं, मीठ बंद करा, डाळ कशाला बंद करता, मांस झडतंय त्यांचं. अंडी आबा खात नाहीत, मग मुगाची उसळ, ताक, पनीर, हुलग्याचं माडगं बिनमिठाचं, आणि रात्री झोपताना कपभर दूध आणि चतकोर भाकरी, लांब उपास पडू द्यायचा नाही. ठेचा गेला, लोणचं गेलं. लोणच्यावरून घरात अजून भांडणं होतात.

सरकारी कार्यक्रमाचं आम्हाला कळलं ते सहाव्या ॲडमिशनमध्ये, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोकडून. 28 जुलै 2018 ला सुरू झालेली योजना, 2023 ला आम्हाला कळली, ती पण एका बाईकडून जिला वाचता येत नव्हतं.

तर प्रोसेस. जिल्ह्याच्या दवाखान्यात केसपेपर, मग आधी ती पट्टीची टेस्ट, ती वीस मिनिटांत. पट्टी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी आला होता एवढंच कळतं, आत्ता आहे का ते व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या टेस्टवर ठरतं, ती पण फुकट पण सॅम्पल दुसरीकडे जातं. आमचा रिपोर्ट अकराव्या दिवशी आला, मधे एकदा फॉर्मवर वय चुकलं म्हणून परत हेलपाटा. मोबाईलवर मेसेज येईल म्हणले, आला नाही, आपणच जाऊन विचारायचं. कुणाशी वाद घालू नका, काऊंटरवरच्या ताईंना नावाने ओळखायला लागा, काम होतं.

साध्या केस जिल्ह्यातच होतात. ताईची तशी झाली, सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, रोज एकेक, बारा आठवडे. आबांसारख्या पोटात पाणी झालेल्यांना मोठ्या मेडिकल कॉलेजला पाठवतात, तिथं सोफोसबुवीर आणि वेलपाटासवीर दिलं, एकाच गोळीत दोन्ही. त्याच्याबरोबर रिबाविरिन नावाची अजून एक देतात, पण तिनं हिमोग्लोबिन उतरतं आणि आबांचं आधीच आठच्या खाली, म्हणून डॉक्टर म्हणले ती नको, त्याऐवजी बाराच्या जागी चोवीस आठवडे घ्या. दर महिन्याला जायचं, रिकामी बाटली दाखवायची, भरलेली घ्यायची. साईड इफेक्ट म्हणाल तर ताईला पहिले आठ दिवस डोकं जड, आबांना काहीच नाही, उलट भूक लागायला लागली. ज्यांनी जुन्या काळात इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलीत, आठवड्याला एक, वर्ष-वर्षभर, ताप, उदासी, केस गळणं, आणि एवढं करून बरं व्हायची खात्री नाही, त्यांना विचारा ह्या गोळीची किंमत.

किमतीवरून आठवलं. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुवीर बाजारात आली तेव्हा एक गोळी हजार डॉलरची होती, चौऱ्याऐंशी दिवसांचा कोर्स, 84 हजार डॉलर. 2014 ला मूळ कंपनीने आपल्याकडच्या कंपन्यांना ती बनवायचं लायसन्स दिलं, 2015 पासून इथं महिन्याची बाटली वीसेक हजारांना मिळायला लागली आणि मग अजून खाली आली. ताईने चौऱ्याऐंशी दिवसांच्या गोळ्यांचे शून्य रुपये दिले. एसटीचं तिकीट आणि बसस्टँडवरची भजी तेवढा खर्च, महिला म्हणून तिकीट पण अर्धं. पाच स्टार उगाच नाही दिले.

कोर्स संपल्यावर लगेच नाचायचं नाही, अजून बारा आठवडे थांबून परत व्हायरल लोड करायचा, तो नॉट डिटेक्टेड आला की बरं झालं म्हणायचं. शंभरातल्या पंच्याण्णव जणांचा येतो, सिरोसिस बिघडलेल्यांत जरा कमी. दोघांचाही आला. ताईने घरी शिरा केला, आबांना बिनमिठाचा चालतो असा तोच एक पदार्थ.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय ते. विषाणू गेला तरी गोटा झालेलं लिव्हर परत मऊ होत नाही, निदान आबांच्या वयाला आणि आबांच्या स्टेजला फारसं नाही. म्हणून बरे झाल्यावर पण दोन ॲडमिशन झाल्या, एकदा बद्धकोष्ठ होऊन परत तो भ्रम, एकदा बँडिंग. दीड वर्षात सहा होत्या त्या नंतरच्या दीड वर्षात दोनवर आल्या, हे पण खूप आहे, पण शून्य नाही. आणि कॅन्सरची भीती राहतेच म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जन्मभर. ताईच्या फायब्रोस्कॅनचा, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा सातच्या आत होता, तिला डॉक्टर म्हणले जा बाई, आता इकडं फिरकू नका. जवळपास तीच गोळी, तीच योजना, पण एकीला पूर्णविराम आणि एकाला स्वल्पविराम, कारण एकाला उशीर झाला. पिढीचा फरक म्हणजे हाच. आबांची पिढी ह्या रोगात खाटा अडवते, ताईची पिढी रांगेत उभी राहून घरी जाते.

आणि तिसरी पिढी? ताईची मुलगी 2001 ची, म्हणजे ताईला रक्त चढल्यानंतरची, तिची टेस्ट करताना ताईचे हात थरथरत होते. आईकडून बाळाला जायचं प्रमाण शंभरात पाच-सहा. निगेटिव्ह आली. आई पण निगेटिव्ह, पन्नास वर्षांचा संसार एका ताटात जेवून, कारण हा रोग जेवणातून, शिंकेतून, मिठीतून जात नाही, रक्तातून जातो. फक्त दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळं ठेवा. पण तरुण पोरांना हा होतच नाही असं पण समजू नका. आमच्याबरोबर रांगेत एक सव्वीस वर्षांचा डायलिसिसवाला मुलगा होता, आणि पंजाबात तर नशेच्या सुयांमुळं पोरं लागण घेऊन बसलीत, तिथल्या सरकारने 2016 लाच आपल्या पैशाने ह्या गोळ्या द्यायला सुरुवात केली होती. ही पोरं आज ॲडमिट होत नाहीत म्हणून कुणाला दिसत नाहीत. तीस वर्षांनी दिसतील, जर आत्ता गोळ्या खाल्ल्या नाहीत तर. भाची गोव्याला जाऊन टॅटू काढणार म्हणते, मी म्हणलं काढ, पण सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव.

आईचे मामेभाऊ, आमचे अण्णामामा, न्यूजर्सीला असतात, जन्म 1958. ते म्हणले आमच्याकडे 2012 पासून 1945 ते 1965 मध्ये जन्मलेल्या सगळ्यांना एकदा ही टेस्ट करा अशी शिफारसच काढली होती, कारण तिथल्या पेशंटांतले चारातले तीन त्याच वयाचे निघत होते. डॉक्टरने लक्षण विचारलं नाही, पितोस का विचारलं नाही, जन्मसाल बघितलं आणि टेस्ट लिहिली. पुढं तिथं पण नशेच्या सुयांमुळं तरुण पेशंट वाढले तेव्हा 2020 ला सगळ्याच मोठ्या माणसांना एकदा टेस्ट करा म्हणले. आणि इजिप्तमध्ये तर जंताच्या एका रोगासाठी सरकारनेच मोहीम काढून इंजेक्शनं दिली होती, ऐंशीच्या दशकापर्यंत, त्याच त्या उकळलेल्या सुया, पिढीच्या पिढी बाधित झाली, आणि मग 2018 पासून त्याच सरकारने कोट्यवधी लोकांची टेस्ट करून त्यातल्या बाधितांना गोळ्या दिल्या. आपल्याकडे पण डायलिसिसवाले, तुरुंगातले, नशेच्या सुया घेणारे ह्यांच्या टेस्टवर भर आहे, चांगलंच आहे, पण माझं म्हणणं एवढंच की जन्मसाल बघून विचारायला काय जातं? 2001 च्या आधी रक्त चढलंय का, काचेच्या सिरिंजची सुई घेतलीय का. आमच्या गावात साठीच्या वरचा एक माणूस नाही म्हणणार नाही.

जाणार असाल तर आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, जुने सगळे रिपोर्ट, सोमवार टाळा, आणि आधीच्या गोळ्यांची यादी नक्की न्या, कारण ॲसिडिटीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांशी ह्या गोळ्यांचं पटत नाही. बरे झाल्याचा कागद लॅमिनेट करून ठेवा, कारण पट्टीची टेस्ट जन्मभर पॉझिटिव्हच येते आणि पुढच्या ऑपरेशनला परत कुणीतरी स्पेशल किट लावेल. आबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लावलंच होतं, मी कागद दाखवला, हुज्जत घातली, मग काढलं.

सध्या माझं काम चालू आहे ते धाकट्या काकांवर. जन्म 1955, त्याच डॉक्टरांच्या त्याच सुया खाल्लेले, प्लेटलेट कमी आल्यात म्हणून काकू हळूच सांगून गेली. तीनदा न्यायला गेलो, तीनदा शेतात पाणी सोडायचं होतं. काल आबांनीच फोन लावला आणि म्हणले, मंगळवारी मी पण येतोय तुझ्याबरोबर, आणि येताना मला लोणच्याची बाटली घेऊन दे, ह्याला सांगू नको. फोन स्पीकरवर होता.